लाख तांदूळ जोखताना

अकरावीचं कॉलेज सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात माझी गाडी अडकली. दहावीपर्यंत मी केडगावात मराठी माध्यमातून शिकले होते. तिथं रेणू होता, इथं त्याचा मॉलिक्यूल झाला. वस्तुमान गेलं आणि मास आलं. तेही चाललं असतं, पण ‘मोल’ नावाचा प्रकार काही केल्या डोक्यात शिरेना. बारा ग्रॅम कार्बन घेतला की त्यात सहा गुणिले दहाचा तेविसावा घात इतके अणू असतात, असं सरांनी फळ्यावर लिहिलं. सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवलं, मीही उतरवलं. पण तो आकडा मला कोणीतरी ठोकून दिल्यासारखा वाटायचा, आणि जे खरं वाटत नाही त्याची गणितं माझ्याच्यानं सुटत नाहीत. वर्गातल्या चाचणीत पंचवीसपैकी चार मार्क पडले.

आमचे सर शांत होते. कोणावर आवाज चढवत नसत. माझा पेपर हातात देताना ते एवढंच म्हणाले, “आकडेमोड बरोबर आहे तुझी. कशाला कशानं भागायचं तेवढं कळलेलं नाही.”

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ताट घेऊन तांदूळ मोजत बसली होती. ते अधिक महिन्याचं वर्ष होतं. मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले म्हणून आईनं महादेवाला लाखोली बोलली होती. म्हणजे एक लाख अखंड तांदूळ, एक एक दाणा मोजून, महिना संपायच्या दिवशी पिंडीवर वाहायचे. रोज साडेतीन हजार मोजले की महिन्यात आरामात होतील असा तिचा हिशेब. शंभर दाणे झाले की ताटाच्या कडेला तुरीचा एक दाणा ठेवायचा, दहा तुरी झाल्या की हजार, मग ते पितळी डब्यात. पण मध्येच तिला ताप आला आणि दहा दिवस ती अंथरुणातून उठली नाही. आता महिना संपायला आठ दिवस राहिले होते आणि डब्यात फक्त अडतीस हजार दाणे होते.

“मी मोजू लागते की,” मी म्हटलं.

“नवस माझा आहे, मोजणी माझीच हवी.” आई मान वर न करता म्हणाली.

तेवढ्यात वरच्या काकू खाली आल्या. काकू आमच्या वरच्या खोल्यांत दोन वर्षांपासून भाड्यानं राहत होत्या. त्यांचं सासर तिसगावजवळ, घरची शेती. काका सुप्याच्या एका कंपनीत कामाला होते म्हणून ही दोघं इकडं आली होती. काकू घरी केक करून द्यायच्या. गल्लीतला एकही वाढदिवस त्यांच्या केकशिवाय होत नसे. हातात साखरेची वाटी घेऊन त्या उंबऱ्याशी थांबल्या, आईकडं थोडा वेळ पाहिलं आणि खालीच बसल्या.

“वहिनी, बाजरीची रास पडल्यावर आमी दाने मोजीत बसतो व्हय? हजार मोजा आनि त्ये जोखा. मग बाकीचं त्याच मापानं जोखून घ्या. माझा वजनकाटा हाय ना वर, केकचा.”

“जोखलेलं म्हणजे मोजलेलं नव्हे,” आई म्हणाली. “मी लाख दाणे बोलले आहेत. सव्वा किलो तांदूळ बोलले नाही.”

“देवाला काय, दोन्ही सारखंच.”

“देवाला असेल. मला नाही.”

मी शेजारीच रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसले होते. या दोघींचं ऐकता ऐकता माझी नजर पानावर गेली आणि मला एकदम कळलं की काकू म्हणताहेत तेच त्या पानावर लिहिलेलं आहे. बारा ग्रॅम जोखायचे आणि इतके अणू झाले असं धरायचं. मी आईला म्हटलं, “आई, आमच्या पुस्तकात काकूंसारखंच करतात. अणू कोणी मोजत नाही, जोखतात.”

“मग पहिल्यांदा कोणी मोजले?”

“काय?”

“तुझी काकू निदान हजार मोजून मग जोखायला सांगते आहे. तुमच्या पुस्तकातले पहिले कोणी मोजले?”

“माहीत नाही.”

“सरांना विचारलंस?”

“नाही.”

“मग चारच पडायचे,” आई म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडं वळली. काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी सरांना गाठलं आणि आईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. सगळी लाखोलीही सांगावी लागली. सर हातातली पुस्तकं टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. त्यांना इतकं खूश झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

“भिंतीत विटा किती हे कसं सांगशील?” त्यांनी विचारलं.

“मोजून.”

“मोठी भिंत असेल तर?”

मी विचार केला. “एका विटेची लांबी, रुंदी, उंची घेईन. मग भिंतीचं माप घेईन.”

“तसंच केलं. स्फटिकात अणू विटांसारखे ओळीनं रचलेले असतात. दोन अणूंमधलं अंतर क्ष-किरणांनी मोजता येतं. मग तो तुकडा केवढा आहे ते मोजायचं. दुसऱ्या वाटांनीही मोजलं लोकांनी, आणि उत्तरं जुळली. जुळली म्हणून आपण मानतो.” मग ते म्हणाले, “आईंना सांग, त्यांचा प्रश्न फार चांगला आहे. आणि त्यांच्याकडून हजार हजार दाण्यांच्या तीन पुड्या घेऊन ये. प्रयोगशाळेतल्या तराजूवर जोखू.”

“तीन कशाला? एक आणते की.”

“एक चुकली तर कळणार नाही. तीन असल्या की चूक असेल ती उघडी पडते.”

आईला हे पटलं. सरांनी आपल्या प्रश्नाला चांगलं म्हटलं हे तिला त्याहून जास्त पटलं. त्या दिवशी तिनं तीन हजार दाणे मोजले ते डब्यात न टाकता वर्तमानपत्राच्या तीन पुड्यांत बांधले आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनं एक, दोन, तीन लिहिलं.

प्रयोगशाळेतल्या तराजूला काचेची दारं होती. आत तांदूळ ठेवायचे, दार लावायचं आणि आकडा थांबेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. वर्गातल्या चार-पाच मुली काहीतरी निमित्त काढून मागं येऊन उभ्या राहिल्या. पहिली पुडी बारा पूर्णांक एकतीस ग्रॅम. दुसरी बारा पूर्णांक छत्तीस. तिसरी बारा पूर्णांक पस्तीस. सर आकडे पाहून म्हणाले, “तुझ्या आईंच्या हातून एखादा दाणाही चुकला असेल असं वाटत नाही.” तिन्हींची सरासरी आली बारा पूर्णांक चौतीस.

तो आकडा वहीत लिहिताना मला मोल कळला. हजार दाणे हा माझा मोल, आणि बारा पूर्णांक चौतीस ग्रॅम हे त्या मोलाचं वजन. कितीही तांदूळ समोर आले तरी त्यांना बारा पूर्णांक चौतीसनं भागलं की किती हजार ते कळणार. कार्बनला बारानं भागायचं, पाण्याला अठरानं. इतकी साधी गोष्ट होती. केडगावच्या शेअर रिक्षात मी एकटीच हसत बसले होते. शेजारच्या बाई दोनदा माझ्याकडं बघून सरकून बसल्या.

आई मात्र एवढ्यानं हलणारी नव्हती. माझी वही पाहून ती आत गेली आणि एक वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत तांदूळ होते. “हे डब्यातल्याच अडतीस हजारांतले, दुपारी पुन्हा मोजून वेगळे काढलेत. किती आहेत ते मला ठाऊक आहे, तुला नाही. जोखून सांग.”

काकूंनी वरून वजनकाटा आणला. बाबाही शाळेतून आले होते. ते एका शाळेत कारकून होते. चहाचा कप हातात घेऊन तेही येऊन उभे राहिले. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला, तांदूळ ओतले. बावन्न ग्रॅम. मी भागाकार केला, पुन्हा एकदा केला आणि म्हटलं, “चार हजार दोनशे चौदा.”

काकूंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. “सांगा की वहिनी.”

“चार हजार दोनशे,” आई हळूच म्हणाली. मग तिला हसू फुटलं. “ते वरचे चौदा कुठून आणलेस?”

“हा काटा ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. एक्कावन्न पूर्णांक काहीतरी असणार, यानं बावन्न करून टाकलं.”

“बेचाळीसशेत चौदा,” बाबा म्हणाले. “म्हणजे तीनशे दाण्यांत एक. हे काहीच नाही.”

“एक दाणा म्हणजे काहीच नाही असं नाही,” आई म्हणाली, पण आता तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. तिनं तिथल्या तिथं तोड काढली. जोखायचं, पण तिच्या हातानं. वर एक मूठ जास्तीची घालायची, म्हणजे कमी पडायची भीती नको. आणि शेवटचे हजार दाणे मात्र ती मोजणारच.

डब्यातले अडतीस हजार, पुड्यांतले तीन हजार आणि शेवटचे हजार सोडले तर अठ्ठावन्न हजार दाणे राहत होते. म्हणजे सातशे सोळा ग्रॅम. पण ते सगळे अखंड हवेत आणि दुकानातून आणलेल्या तांदळात कणी असतेच. किती तांदूळ निवडायला घ्यावेत असं आईनं विचारलं. मी दोनशे ग्रॅम निवडून पाहिले, कणी निघाली चौदा ग्रॅम. चौदा भागिले दोनशे, गुणिले शंभर. सात टक्के. आख्ख्यात भाग किती हे काढायचं तर आख्ख्यानं भागायचं. सरांनी पेपर देताना जे म्हटलं होतं ते मी कणीच्या ढिगाशी बसून शिकत होते. उत्तर आलं सातशे सत्तर ग्रॅम. आईनं आठशे घेतले. निवडून झाल्यावर हवे तेवढे भरले आणि मूठभर वर उरले, तेव्हा ती माझ्याकडं पाहून म्हणाली, “बरं आलं तुझं.” आई कौतुक करताना याच्या पुढं जात नाही.

मग मला नादच लागला. दिसेल त्याचे टक्के काढायचे. गच्चीवर काकूंनी ऊन पडलं म्हणून गावाकडून आणलेली बाजरी पसरली होती आणि शेजारी ती ज्यातून आणली ती युरियाची रिकामी गोणी वाळत टाकली होती. गोणीवर ठळक अक्षरांत नत्र शेहेचाळीस टक्के असं छापलेलं. मी खाली पळत जाऊन वही आणली. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. बारा, सोळा, अठ्ठावीस आणि चार. एकूण साठ. अठ्ठावीस भागिले साठ, म्हणजे शंभरात शेहेचाळीस आणि वर थोडे.

“काकू, आलं. हे बघा, गोणीवरचंच आलं.”

काकूंनी बाजरीत हात फिरवता फिरवता वहीत डोकावून पाहिलं. “ह्यो शेचाळीसचा आकडा मी लगीन झाल्यापासनं बघतीय. मला वाटायचं कंपनीचा काय तरी लंबर आसंल. म्हंजे शंभर किलोत शेचाळीस किलो खत?”

“शेहेचाळीस किलो नायट्रोजन. पिकाला तोच लागतो.”

“मग बाकीचं चोपन्न किलो काय हाय?”

मी तेही काढलं. कार्बन वीस, ऑक्सिजन साडेसव्वीसच्या वर, हायड्रोजन साडेसहाच्या वर.

“ऑक्शिजन म्हंजे आपुन नाकानं वढतो त्योच ना? आनि नायट्रोजन?”

“तोही हवेतलाच.”

“म्हंजे बैलगाडीत घालून आमी हवाच नेत हुतो शेतावर.” काकू इतक्या हसल्या की बाजरीवर आलेल्या चिमण्या उडाल्या. त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावून ही बातमी दिली. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण काकू म्हणाल्या, “न्हाई वो, खरंच. पोरगी हिशेब करून सांगतीय.”

बाबांची पाळी नंतर आली. आमच्या घरात पूर्वी भिक्षुकी होती. बाबांनी ती केली नाही, पण आजोबांनी पाठ करून घेतलेलं बरंच काही त्यांच्या जिभेवर होतं. सकाळी पूजा करून ते तीर्थ देत होते. मी पळीतलं पाणी काट्यावर जोखून आधीच पाहिलं होतं, पाच ग्रॅम. तीर्थ घेताना मी म्हटलं, “बाबा, एका पळीत पाण्याचे किती रेणू असतात सांगू? एकावर तेवीस शून्यं, आणि त्याची पावणेदोनपट म्हणा.”

“शून्यं सांगू नकोस, नाव सांग.”

“नाव माहीत नाही.”

बाबांनी पळी ताम्हनात ठेवली आणि डोळे मिटून सुरुवात केली. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मी बोटांवर मोजत होते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. बाबा तिथं थांबले आणि डोळे उघडून म्हणाले, “मला याच्यापुढं येत नाही.”

“मग परार्ध किती ते काढते.” मी भागलं. “सोळा लाख सत्तर हजार परार्ध. साधारण.”

बाबांनी ताम्हनातली पळी पुन्हा हातात घेतली. लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेला तो शब्द कधी कशासाठी वापरायला मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं, असं ते पुढं कितीतरी जणांना सांगायचे. त्या दिवशी ते शाळेत उशिरा गेले, कारण निघता निघता त्यांनी चहाच्या कपातले परार्ध काढायला घेतले होते. साखर आणि दूध धरायचं की नाही यावर आमचं एकमत झालं नाही.

अधिक महिन्याच्या शेवटच्या दिवशी आईनं देवळात लाखोली वाहिली. शेवटचे हजार दाणे तिनं आदल्या दिवशी मोजून ठेवले होते. मी, काकू आणि बाबा, तिघंही बरोबर होतो. आई ओंजळीनं तांदूळ घालत होती आणि पिंडी हळूहळू पांढरी होत गेली. आई तापातून उठलेली, जरा वाळलेली, पण तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता.

जेवायला तिनं सरांनाही बोलावलं. सर सायकलवरून आले. पुरणाची दुसरी पोळी वाढताना आईनं त्यांना विचारलं, “तुमचे अणू मोजणाऱ्यांनी वर मूठभर जास्तीचे धरले होते का?”

सर घास थांबवून गंभीरपणे म्हणाले, “नाही. पण त्यांनाही एकदा मोजून समाधान झालं नाही. पुन्हा पुन्हा मोजत राहिले.”

“मग बरोबर,” आई म्हणाली आणि पोळीवर तूप वाढलं. पुढच्या चाचणीत मला बावीस मार्क पडले तेव्हाही ती असंच काहीसं म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत काकू मला चार दिवस तिसगावकडं घेऊन गेल्या. त्यांच्या सासूबाई शेतातच राहत. मधोमध जोड शिवून दंड घातलेलं लुगडं, बोलणं मोजकं आणि नजर तीक्ष्ण. मी पाया पडले तर त्यांनी विचारलं, “हवेची गोनी करनारी तूच का?”

“हो आजी.”

त्या आत गेल्या आणि कांद्याच्या बियांची पिशवी घेऊन आल्या. किलोभर बी होतं, काळं, बारीक, मोहरीपेक्षाही हलकं. “ह्यात दाने किती?”

काकूंनी वजनकाटा पिशवीत घालून आणलाच होता. एवढे हलके हजार दाणे त्या काट्यावर नीट कळणार नाहीत म्हणून मी दहा ग्रॅम जोखून घेतले आणि आम्ही दोघींनी ओसरीवर बसून ते मोजले. पाऊण तास लागला. दोन हजार सातशेच्या आसपास निघाले. मी म्हटलं, “किलोत दोन लाख सत्तर हजार.”

“आनि उगवनार किती?”

ते वजनावरून कळणार नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं.

आजी उठून चुलीमागं गेल्या आणि एक ओलं फडकं घेऊन आल्या. त्याची गाठ त्यांनी माझ्यासमोर सोडली. आत कांद्याचं बी होतं, बहुतेक दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले. “शंभर बांधले हुते, आठ दिस झाले. मोज.”

मी मोजले. ब्याऐंशी फुटले होते, अठरा तसेच राहिले होते.

“शंभराला ब्याऐंशी,” आजी म्हणाल्या. “आता तुझ्या दोन लाख सत्तर हजाराचं किती त्ये सांग.”

“दोन लाख एकवीस हजार चारशे.”

आजींनी मान डोलावली. “माझ्या आईनं शिकवलं हुतं ह्ये. शाळंत बी शिकवत्यात व्हय?”

“शिकवतात. पण फडकं नाही शिकवत.”

त्यांना हे आवडलं असावं, कारण त्यांनी माझ्या हाताची बोटं धरून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, “बोटं बारीक हायती हिची. रेघा वढायला घ्या हिला बी.” मग दिवसभर मी त्यांच्यामागून कांद्याच्या रोपांसाठी केलेल्या मातीच्या उंच गादीवाफ्यावर बोटांनी रेघा ओढत गेले, काकू त्यात बी सोडत गेल्या आणि आजी वरून माती सारत आल्या. संध्याकाळी पाठ इतकी भरून आली होती की सरळ उभं राहता येईना. चुलीपाशी बसून आम्ही तिघींनी बाजरीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, आणि आजींनी मला न विचारताच तिसरी भाकरी वाढली.